कुंपणाखालची मूर्ती

लेकीचं लग्न आयरिश मुलाशी ठरलं आणि आमचा मुहूर्त विहीणबाईंनी 'अंधश्रद्धा' म्हणून हसण्यावारी नेला. लंडनच्या वेम्बलीत एकटीच्या हिमतीवर दुकान उभं केलेली बाई मी, पण तो राग गिळून लग्नाच्या सकाळी त्यांच्या बागेत येरझाऱ्या घालत होते. तर कुंपणाच्या झुडपाखाली बाळ येशूची मूर्ती, डोकं तुटून बाजूला पडलेलं. लग्नघरात भंगलेली मूर्ती! मला काही चैन पडेना. गाडीतून सुपरग्लू आणून डोकं चिकटवून टाकलं.

विहीणबाई धावत आल्या. "अहो, काय केलंत! पाऊस पडू नये म्हणून ठेवलीय ती. मान मोडलेली असली तरच लाभते!"

"मग मोडा परत."

"मुद्दाम मोडून चालत नाही. आपोआप तुटावी लागते."

आभाळ काळवंडलं होतं आणि मांडव उघड्यावर होता. मी मूर्ती हातात घेतली.

"माझा हात निसटेलही. पण अक्षता आमच्या मुहूर्तावर पडल्या पाहिजेत."

त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे.

"किती वाजताचा म्हणालात मुहूर्त?"

मी वेळ सांगितली, आणि माझा हात निसटला.