ठिबकच्या नळीची गोष्ट

माझी लेक तिसरीत असताना शाळेतून येताना दप्तर पाठीवर घ्यायची नाही. हातात, खाली, कमरेच्या मागे धरून यायची. चड्डी ओली असायची, कधी शीचा डागही. शेजारणी म्हणायच्या, "एवढी मोठी पोट्टी, लाज कशी नाही वाटत हिले?" अहो, लाजच तर वाटत होती! शाळेच्या संडासाला आतून कडी नव्हती, म्हणून लेकरू दिवसभर दाबून धरायचं.

वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं. म्हणाल्या, आत शी साचून घट्ट झालीय, तिचा भार लघवीच्या पिशवीवर पडतो, पोरीचा यात काही दोष नाही. पावडर दिली, जेवणानंतर रोज संडासला बसवायला सांगितलं. त्यांच्याकडच्या एक ताई म्हणाल्या, "तिला मोबाइलवर स्वतःची गोष्ट करू द्या. चित्रं तिची, आवाजही तिचाच." मला वाटलं, हे काय नवीन खूळ!

पण पोरगी मागेच लागली. आमच्या हळदीच्या शेतात ठिबक आहे. तिनं कागदावर तिची काळी नळी काढली, तिला दोन डोळे काढले. मी चित्रांवर मोबाइल धरला आणि ती बोलत गेली. "एक नळी होती. सगळे तिले गळकी म्हनत. पन तिच्या पोटात गाळ अडकला होता. ते कोनाले सांगेच ना. मंग बाबानं टोपन काढलं, अन् सगळा गाळ भडाभडा बाहेर आला. कोनीच हासलं नाही."

संडासला बसली की तीच गोष्ट ऐकायची. हळूहळू चड्ड्या कोरड्या येऊ लागल्या आणि दप्तर पाठीवर गेलं. मी म्हटलं, सुटलो बाप्पा एकदाचे.

माझ्या जावेचा तिच्यावर फार जीव. "किती गोड बोलते व माही पोट्टी!" म्हणत तिनं ती गोष्ट स्वतःच्या मोबाइलवर घेतली आणि स्टेटसला ठेवली. तिला ती नळीचीच गोष्ट वाटली होती. गावाला तशी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत पोट्टे ओरडले, "नळी आली रे, नळी आली!" जावेनं स्टेटस काढलं, ढसाढसा रडली. तिच्यावर चिडू तरी कशी? तोवर ती गोष्ट कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये जाऊन बसली होती.

पोरीनं पाणी पिणंच सोडलं. दप्तर पुन्हा खाली आलं. शेवटी माझा भाऊ तिला त्याच्या गावी, रिठदला घेऊन गेला, तिकडच्या शाळेत घातलं. तिथं तिला कोणी ओळखत नव्हतं. इकडे घर खायला उठायचं, मग मी हळदीत बसून तिची गोष्ट लावायची.

दिवाळीला आली तेव्हा पाठीवर दप्तर होतं. आल्या आल्या मोबाइल मागितला. ओट्यावर बसून गोष्ट पूर्ण ऐकली, ओठ हलवत.

"राहू दे ना व," मी म्हटलं. "तू तं इथं नसतं. मले तुहा आवाज ऐकू वाटते."

"नाही, आई."

तिनं गोष्ट पुसली, मोबाइल माझ्या हातात दिला आणि विचारलं, "आता सगळ्यायच्या मोबाइलमधून गेली ना?"

"हो व माय, गेली," मी म्हटलं.

गेली ती फक्त माझ्या मोबाइलमधून.