आक्काचा बिनछपराचा देव

देवाचा विषय निघाला की आक्का आधी आभाळाकडे बघायची, मग समोरच्याला झाडायची. चंदगडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यात तिचा देव जांभळीखाली उघड्यावर होता. एक काळा दगड, ना नाक ना डोळे. मी शहरातल्या मंगळवार पेठेतली, लसी टोचायला तिथं जाणारी नर्स. पहिल्याच भेटीत बोलून गेले, "आक्का, वर पत्रा तरी घाला की."

"म्हशी भिजत्यात, आमी भिजतो. त्यो एकटाच आत बसून काय करंल?"

म्हैस व्याली की पहिला चीक दगडावर ओतायचा मान आक्काचा. भटजी नाही, मंत्र नाही. ओतताना ती देवाला म्हशीचं नाव सांगायची, वर खोड्याही सांगायची, "लाथा मारती, ध्यान ठेव." वाड्यावरची लग्नं, बारशी तीच उरकायची, आणि मधेच माझ्या लग्नाची चौकशी करायची. मला भयंकर राग यायचा.

खालच्या गावाला तिचा देव खुपायचा. पुढाऱ्यांचा निरोप आला, देऊळ बांधतो, संगमरवरी मूर्ती बसवतो, पुजारी देतो. देवाला कोंबडं कापणं बंद करा, नीट हिंदू व्हा, मग नळाची लाइन वर येईल. आक्का नाही म्हणाली. लाइन गावातच थांबली आणि वाड्यावरच्या बायका हंडे घेऊन डोंगर चढत-उतरत राहिल्या. त्यांत सत्तरीची आक्काही होती.

मी तिच्याशी कडाकडा भांडले. "हो म्हण की! मूर्तीनं काय बिघडतंय?"

"माझं काय जातंय, बाई? पर त्येला इचारलं न्हाय की कुणी."

शेवटच्या आजारात मात्र तिनं सुनेला जवळ बोलावलं. "माझ्यामागं व्हय म्हणा. हट्ट माझा व्हता, कंबर तुमची का मोडायची?" मला रडू आवरेना, तर मलाच म्हणाली, "नर्स लोकास्नी रडवती, सोता रडत न्हाय!"

सून हो म्हणाली. आता दारात नळ आहे, आणि त्याचा मला खरंच आनंद आहे. परवा गेले तर सुनेनं कौतुकानं तांब्याभर पाणी दिलं. दगड कुठंय विचारलं, तर तिनं नव्या देवळाकडे बोट दाखवलं. गवंड्यानं तो देवळाच्या पायरीत बसवलाय.

आरतीला वाड्यावरच्या बायका आल्या. त्या पायरीशी प्रत्येकीनं लुगडं सावरलं आणि लांब ढांग टाकून ती ओलांडली. पुजारी मला हसून म्हणाला, "डोंगरातल्या बायका, ढांगच मोठी!"

मी मान डोलावली आणि पदर खोचून तेवढीच लांब ढांग टाकली.