दुसरा खांदा

मला बी.ए.पर्यंत शिकवलं ते मालिश करणाऱ्या माझ्या मामांनी. नोकरी मिळेना, म्हणून मी माणिकपूरला मालिशची खोली उघडली. महिनाभर कोणी फिरकलं नाही. खोली सोडायची वेळ आली. अर्धांगवायूने पालघरला अंथरुणाला खिळलेले मामा म्हणाले, "एकच खांदा फुकट चोळ. दुसऱ्यासाठी माणूस येतोच."

सांडोरच्या एका बागायतदाराचा उजवा खांदा मी चोळला. दुसऱ्या दिवशी तो चार शेजाऱ्यांना घेऊन आला. त्याचा डावा खांदाही मोकळा झाला होता. त्या खांद्याला मामा स्वतः बनवायचे त्या तेलाचा वास येत होता; माझ्याकडे ते तेल नव्हतं.

"काल संध्याकाळी तुझे मामा घरी येऊन चोळून गेले की," तो म्हणाला. "हात फार गार रे त्यांचे."

मी लगेच पत्र टाकलं: "मामा, गिऱ्हाइकं आली. तुमची तब्येत कशी आहे? उलट टपाली कळवा."