चिंचेनं घासलेल्या गोळ्या

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेतल्या एका ॲम्युनिशन डेपोत होतं. काम कंटाळवाणं: जुना दारूगोळा तपासायचा, ठेवायचा कुठला आणि नष्ट करायचा कुठला ते ठरवायचं. नाईक दिगंबर माझ्या हाताखाली होता. तो पालमकडचा, मी जिंतूरचा, जिल्हा एकच, त्यामुळे आमचं छान जमायचं. एका सकाळी निकामी माल उडवताना अवेळी स्फोट झाला आणि दिगंबर गेला. घरी कळवलं ते एवढंच, की कर्तव्यावर असताना स्फोटात गेला.

रिटायर झाल्यापासून दसऱ्याला मी त्याच्या घरी जातो. यंदा पोचलो तेव्हा शस्त्रपूजा उरकली होती. दिगंबरच्या फोटोपुढे पाटावर विळा, कुऱ्हाड आणि त्याच्या वडिलांचं, गणपतकाकांचं, परवान्याचं जुनं रिव्हॉल्व्हर. घरात त्याला पिस्तूलच म्हणतात. शेजारी ताटात हळदकुंकू लावलेली काडतुसं, लख्ख चकचकीत. ती चकाकी बघूनच मला धडकी भरली.

"काकू, ह्या गोळ्या कशानं घासल्या?"

"चिंचेनं. दर साली घासते अन् तेलाचं बोट फिरवते," दिगंबरची आई कौतुकानं म्हणाली.

देवाच्या तांब्यासारखं काडतूस घासायचं, हे आमच्याकडेच होऊ शकतं. मी एकेक उचलून पाहिलं. बुडावरची अक्षरं झिजून सपाट. गोळी पितळेत बसते तिथं हिरवट कड. एक गोळी तर बोटांनीच फिरली, इतकी सैल. तेल आत बारुदीपर्यंत झिरपलेलं असणार.

"एक जण म्हणला, असल्या जुन्या गोळ्या शौकीन लोक जमा करून ठेवतेत," काका म्हणाले.

"शौकिनाला बुडावरचा शिक्का लागतो काका, तो काकूंनी पुसला. अन् उडवायच्या तर अजिबात न्हाईत."

"एकच बार. लेकासाठी."

"न्हाई म्हणलो ना. कायद्यानंबी बंदी हाय."

"माझं लेकरू बारुदीतच गेलं, सुभेदार. मला काय भ्या दाखवायलाव?"

त्यांनी रिव्हॉल्व्हर उचललं. चक्रीत पितळ चमकलं, तेव्हा ते भरलेलं आहे हे मला कळलं. मी उठेपर्यंत त्यांनी अंगणात जाऊन मातीच्या ढिगाकडे नळी केली आणि घोडा ओढला.

टक्.

बाकी काही नाही. काका नळी वळवून आत बघू लागले.

"थम!" मी परेडवरच्या आवाजात ओरडलो. "नळी मातीकडं! परत वढू नका!"

आत ठिणगी धुमसत असली तर गोळी उशिरानं सुटते, आणि तेव्हा ती समोर कोण आहे ते बघत नाही. काकूंना मी घरात पिटाळलं. मागून जाऊन काकांचं मनगट धरलं. ड्रिलप्रमाणे नळी मातीकडे धरून थांबलो. मग हळूच चक्री उघडून सगळी काडतुसं बाहेर काढली. ती ठाण्यात जमा करायची ठरलं.

काका ओट्यावर बसले. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी दिगूला असं कुणी वरडलं न्हाई का?"

इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"वरडला तोच होता, काका. माझ्यावर. मी मालाकडं पुढं निघालो होतो, त्यानं मला मागं ढकललं."



"मग आज पुन्ना पुढं कशाला आलाव?" काका म्हणाले, आणि दिगंबर गेल्यानंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर ढसाढसा रडले. मलाही आवरलं नाही.