कांद्याच्या बियाचं माहेरपण

चहा दिला की मावशी आधी अर्धा बशीत ओतायच्या. त्यात काय विशेष, तुम्ही म्हणाल, तेव्हा सगळेच बशीत ओतायचे. पण मावशी बशी ठेवायच्या कट्ट्यावर आणि कप ठेवायच्या खिडकीत. मग एक घोट इकडचा, एक घोट तिकडचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आवरेना.

"मावशी, हे काय हो?"

"आगं, मांजर आलं तर एक सांडंल. दोनी कशी सांडतील?"

आमच्या खोलीत मांजर नव्हतं. अख्ख्या चाळीत नव्हतं.

"आज न्हाई," मावशी म्हणाल्या आणि खिडकीतला घोट घेतला. "उद्याचं कुनी बगितलंय?"

लग्न होऊन मी कासारवाडीला आले ती त्रेसष्टच्या सुमाराला. आमचे हे कारखान्यात. स्टेशनच्या जवळ चाळ होती, तिथं आमची दीड खोली. चाळीत जो तो कुठून कुठून आलेला. कुणी कोकणातलं, कुणी लातूरकडचं, शेजारी तर थेट इंदूरचं मराठी कुटुंब. मावशी मात्र इथल्याच, तळवड्याच्या. आता तळवड्याला काचेच्या इमारती आहेत, तुम्ही पाहिल्या असतील. तेव्हा तिकडे बाभळी, ज्वारी आणि इंद्रायणीचं वळण, एवढंच. त्या वळणावर मावशींचं शेत होतं. मेथी, वांगी, कांदे घेऊन त्या एस.टी.नं आमच्याकडे विकायला यायच्या. एक पाटी टपावर आणि एक मांडीवर. कंडक्टर वैतागायचा. "मावशी, दोन्ही वर टाका की!" तर म्हणायच्या, "टपावरची पडली तर तू भरून देनार हाईस का, राजा?"

त्यांना नाव होतं, पण नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. आम्हाला मावशी, गावाला काकी, आणि मुलाला आई. मुलगा आमच्या ह्यांच्याच कारखान्यात फिटर होता. आई भाजीची पाटी घेऊन चाळीत येते याचा त्याला थोडा संकोच वाटायचा आणि प्रत्येक गोष्ट दोन-तीन ठिकाणी ठेवायच्या तिच्या वाटावाटीचा भारी राग यायचा.

एकदा मावशींनी आम्हा बायकांना हुरडा खायला शेतावर नेलं. जमीन फार नव्हती, पण तिचे तीन तुकडे तीन तऱ्हांचे. खालचा नदीला लागून, गाळाचा. मधला विहिरीजवळ, काळा. आणि वरचा माळावर, मुरमाड, नुसते दगड. मावशी कांदा तिन्हीकडे लावायच्या, आणि तोही एकदम नाही. आधी थोडा, मग महिन्यानं थोडा.

मुलगा आमच्यासमोरच सुरू झाला. "ताई, तुमीच सांगा हिला. समदा कांदा खालच्या वावरात लाव म्हनतो. माती बगा, लोनी हाय नुसती!"

"लोनी हाय म्हनूनच नदीला बी आवडतं," मावशी म्हणाल्या.

"आन वरच्या दगडात काय पिकतंय?"

"सुपारीएवढा कांदा पिकतोय. पर पिकतोय."

त्याच्या नोकरीबद्दल विचारलं तर मात्र त्यांचा चेहरा खुलायचा. "त्याची नोकरी म्हंजी माजं चौथं वावर. तितं ना पूर, ना टोळधाड." आणि लगेच आवाज बारीक करून, "पर कारखान्याला बी कधी कुलूप लागतं म्हनत्यात. म्हनून सुनेला म्हनते, खुरपं इसरू नगंस."

आता मुख्य गोष्ट सांगते. ती बियाची.

मावशींचा कांदा त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला. फिक्कट गुलाबी, चपटा, आणि पोत्यात घालून ठेवला तर दिवाळीपर्यंत न कुजणारा. चांगले कांदे निवडून त्या परत जमिनीत लावायच्या, त्यांना दांडे यायचे, दांड्यावर पांढरी बोंडं, आणि बोंडांतून काळं बारीक बी. ते उन्हाळ्याच्या शेवटी हाती यायचं आणि पेरायचं दसऱ्याच्या पुढे. मधे सगळा पावसाळा.

"कांद्याचं बी लई नाजूक," त्या सांगायच्या. "वल लागली की मेलं. बरं, दुसऱ्या वर्सासाठी ठिवावं म्हटलं, तर शिळं झालं की उगवत न्हाई. दरवर्सी नवं धरायचं आन दरवर्सी पावसाळ्यातनं कोरडं काढायचं. बाळंतिणीपरीस जास्त जपायचं."

म्हणून पावसाच्या तोंडावर, रोहिण्या लागल्या की बी माहेरपणाला निघायचं. हा शब्द त्यांचाच. थोडं तळवड्याच्या घरी आढ्याला टांगलेलं. थोडं चाकणच्या वरच्या अंगाला बहिणीकडे. आणि थोडं आमच्या चाळीत, चार घरांत, फडक्याच्या चार पुरचुंड्या.

मला पुरचुंडी देताना सूचना इतक्या, की मुलगी सासरी धाडताना देत नसतील. "सटोव्हच्या वर टांगू नगं, भडका व्हईल. खिडकीत नगं, झड लागंल. वल्या हातानं शिवू नगं. आन पोरी, रोज एकदा नुसती बगत जा तिच्याकडं."

"अहो, पण तळवड्याहून इतक्या लांब कासारवाडीला कशाला?"

"तुमच्याकडं पवना हाय आन आमच्याकडं इंद्रायनी. एक चिडली तर दुसरी गप ऱ्हाईल. दोघी एकदम चिडल्या, तर मग आपुन तरी कुटं आसनार?"

त्यांचं हे बोलणं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीच्या तळाला घागर टेकायला लागली. मावशींनी खालचं वावर सोडलं, वरचं सोडलं आणि विहिरीजवळ पलंगाएवढा एक वाफा ठेवला. घरात प्यायचं पाणी भरून झालं की उरलेलं त्या वाफ्याला. सून भांडी राखेनं घासायची, मुलगा कामावरून येऊन आंघोळीविना झोपायचा, आणि वाफ्याला मात्र रोज तांब्यातांब्यानं पाणी. तेही कांदे खायला नव्हतेच, बी धरायला होते.

"आमी तहानलेलं आन कांदा प्यालेला!" मुलगा चाळीत येऊन ओरडला होता. "दुकानात बी मिळतं, ताई. पैसं टाकलं की मिळतं."

"मिळंल की," मावशी म्हणाल्या. "पर दुष्काळ दुकानदाराला बी हायेच की रं."

त्या वर्षी आमच्या चाळीत आल्या त्या पुरचुंड्या लिंबाएवढ्या होत्या. पण आल्या.

त्यानंतर दोनतीन पावसाळे सरळ गेले आणि मग एका भाद्रपदात इंद्रायणी आली. वर डोंगरात धुवाधार पाऊस, आणि नदीनं वळण सोडून सरळ गावात पाय टाकला. माणसं वाचली, जनावरं वाचली. मावशींच्या घराची मागची भिंत बसली. आढ्याचं बी चिखलात गेलं. चाकणला बहिणीकडे धाडलं होतं, तिथं कौल सरकून गळत राहिलं आणि पुरचुंडीला बुरशी धरली. गावातल्या इतरांचंही बी गेलंच होतं. दुकानात जे होतं ते कुठलं आणि किती वर्षांचं, हे दुकानदारालाही सांगता येईना.

पूर ओसरल्यावर मावशी मुलाला घेऊन चाळीत आल्या. लुगड्याला गाळाचे डाग. मी चहा ठेवला. मावशींनी कप उचलला आणि सबंध चहा तसाच उभ्याउभ्या पिऊन टाकला. बशीकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, बाई, आता मात्र खरं नाही.

"पोरी, हाय का गं?" एवढंच विचारलं त्यांनी.

खुंटीवरची पुरचुंडी मी कोरड्या हातानं काढून दिली. आणखी दोन घरांतून दोन आल्या. राहिल्या इंदूरच्या वहिनी. त्या त्याच वर्षी लग्न होऊन आलेल्या. गोऱ्यापान, हसऱ्या आणि हाताला चव.

"कसली पुरचुंडी?" वहिनी म्हणाल्या.

मावशींनी ती वहिनींच्या नवऱ्याच्या हातात दिली होती. बिचारा रात्रपाळी करून आलेला. "भाजीवालीनं दिलंय" एवढं पुटपुटून त्यानं ती फळीवर टाकली आणि पांघरूण ओढलं.

"अगंबाई!" वहिनींनी तोंडावर हात ठेवला. "ती कलौंजी नव्हती?"

तुम्हाला ठाऊक असेल, कलौंजी आणि कांद्याचं बी शेजारी ठेवलं तर भले भले फसतात. तिकडे इंदूरला कैरीच्या लोणच्यात कलौंजी घालतात. वहिनींनी मोठ्या हौशीनं बरणीभर लोणचं घातलं होतं आणि चाळभर वाटलंही होतं. मी खाल्लं होतं. सगळ्यांत कडी म्हणजे आषाढात मावशींनीही खाल्लं होतं, चपातीबरोबर, दोनदा मागून. "झ्याक झालंय गं," म्हणून तोंडभर वाखाणलंही होतं.

सगळी चाळ व्हरांड्यात जमली. वहिनींच्या डोळ्यांतून टपाटप पाणी. मुलाचा चेहरा लाल झाला. "बगितलंस, आई? लोकांच्या घरी ठिवून ठिवून, शेवटी लोकांनी लोनचं घातलं!"

मावशींनी वहिनींकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि त्यांच्या खांद्याला हिसके बसायला लागले. मला वाटलं, रडतात. तर बाई हसत होत्या. हसून हसून खाली बसल्या.

"तरीच म्हनलं, चव वळखीची कशी लागतीया!" पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आगं येडे, रडती कशाला? चार घरी ठिवलं ते कशापायी? एक घर उंदराचं, एक घर वलीचं, एक इसरभोळ्याचं, आसं मी धरूनच चालती. लोनच्याचं घर तेवढं धरलं नव्हतं. आता फुडल्या वर्सापासून धरीन."

पण हसून काम संपत नव्हतं. त्या वर्षी हवाच इतकी दमट होती, की उरलेल्या तीन पुरचुंड्यांतलं बी तरी जिवंत आहे का, कुणाला ठाऊक? मावशींनी तिन्हींतलं चिमूटचिमूट घेतलं, ओल्या फडक्यांत वेगवेगळं बांधलं आणि माझ्या स्वयंपाकघरात ताटाखाली झाकून ठेवलं. स्वतः तळवड्याला भिंत उभारायला गेल्या. फडकी ओली ठेवायचं काम माझं, पण झाकण उघडून बघायला सगळी चाळ. वहिनी तर दिवसातून चारदा. "आलं का हो काही?" मी म्हणायची, "अहो, बी आहे, टपाल नव्हे!"

आठवडा होत आला असेल. एका सकाळी वहिनींनीच ताट उचललं आणि किंचाळल्या. एका फडक्यात काहीच नव्हतं, नुसता वास. पण दुसऱ्या दोन्हींत काळ्या ठिपक्यांतून पांढरे बारीक मोड वाकून बाहेर आले होते, सुईनं टाका घालावा तसे. वहिनी ते फडकं तळहातावर घेऊन सगळ्या चाळीत फिरल्या.

मावशी आल्या, बसल्या, फडकं डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाल्या, "च्या टाक गं." आणि अर्धा चहा बशीत ओतून बशी कट्ट्यावर ठेवली, कप खिडकीत ठेवला. मग माझा जीव भांड्यात पडला.

आता ऐका, त्या बियाचं त्यांनी काय केलं ते. दोन पुरचुंड्या उरल्या होत्या, त्यातली एक गावात वाटली. पुरात ज्यांचं गेलं होतं त्यांना मूठमूठ. मुलगा डोकं धरून बसला. "आपल्यालाच पुरत न्हाई आन तू दान करतीस!"

"दान कसलं रं? समदं आपल्याच वावरात लावलं आन परत नदी आली तर? गावात धा घरी आपला कांदा आसला तर मागायला दारं तरी ऱ्हातील."

त्या वर्षी पहिल्यांदाच तो रविवारच्या सुट्टीला वाफे ओढायला गेला, असं सूनबाईंनी नंतर सांगितलं.

मावशी गेल्या त्या ऐंशीनंतर, एका थंडीत. कांद्याची लागण तिन्ही वावरांत उरकली होती. दोन दिवस ताप आला, एवढंच निमित्त. आम्ही तळवड्याला जाऊन आलो. त्यांच्या चुलीशेजारी एक पाण्याची कळशी आणि ओसरीवर दुसरी, दोन्ही भरलेल्या.

उन्हाळा सरत आला तशी माझी नजर त्या खुंटीकडे जायला लागली. पुरचुंडी नसली की भिंत कशी नागडी दिसायची. आता कोण येणार? मुलाला बढती मिळालेली, स्कूटर घेतलेली. आणि बी दुकानात मिळतं, हे तर तो जन्मभर म्हणत आलेला.

रोहिण्या लागल्यावर एका दुपारी दारात स्कूटर थांबली. पहिली पाळी करून तसाच आला होता, अंगात कारखान्याचा निळा शर्ट. हातातली पिशवी खाली ठेवली, आत येऊन हात धुतले आणि रुमालानं बोटन् बोट कोरडं केलं. मग पिशवीतून पुरचुंडी काढली.

"ताई, माहेरपनाला आनलंय. सटोव्हच्या वर टांगू नका."

"माहीत आहे रे बाबा," मी म्हटलं. आणि चहा ठेवला.

बाकीच्या घरी देऊन झाल्यावर तो वहिनींच्या दाराशी थांबला आणि त्यांच्या हातात दोन पुरचुंड्या ठेवल्या. वहिनी गोंधळल्या. "दोन कशा?"

"आईनं सांगून ठिवलंय," तो खाली बघत म्हणाला. "त्या घरी दोन द्यायच्या. एक ठिवायची आन एक लोनच्याची."

वहिनी हसल्या, आणि हसताहसताच आत गेल्या. बऱ्याच वेळानं मी डोकावले तर स्टूलवर चढून खुंटी ठोकत होत्या. एक खुंटी आधीची होतीच. दोन्ही पुरचुंड्या त्यांनी टांगल्या, एक या भिंतीला आणि एक समोरच्या.