चौथ्या दाढेनं झोप उडवली

मैत्रिणींनो, दुपारपासून जीवाले चैन नाही.

माह्या सात वर्षांच्या परीले आज वाशिमले दातांच्या डॉक्टरकडे नेलं. कीड लागू नये म्हणून दाढांच्या खाचा बुजवणारा सीलंटचा लेप लावायचा होता. तीन दाढांवर बसला. चौथीपाशी मॅडम थांबल्या.

"हिच्यात कीड आत गेली. आता लेप नाही चालत, दाढ भरावी लागेल."

"दुधाचीच हाय ना? पडनच!" म्या म्हटलं.

"कायमची आहे, ताई. कोणताच दात न पडता दुधाच्या दाढांच्या मागे येते, म्हणून घरी कळत नाही."

बसमध्ये परीनं इचारलं, "आई, ही पडली का नवी येईन ना?"

तिचा पहिला दात आला तवा मी गल्लीभर सांगत फिरली. ही दाढ कवा आली, पत्ताच नाही.

तुमच्या लेकराची कवा आली, तुमाले मालूम हाय?