माडीवालीचा तळमजला

दापोलीजवळचं आमचं गाव सोडलं त्या सकाळी माझ्या पायात नव्या चपला होत्या, आणि एसटीची पायरी चढताना त्यातली एक खाली पडली. आईने उचलून दिली. मी फणसावर, माळ्यावर, जमेल तिथे चढणारी पोरगी; ती मला नेहमी म्हणायची तेच पुन्हा म्हणाली, "चढशील तिथली उतरायची वाट बघून ठेव गो." मी नुसता हात हलवला. तिचं काय ऐकायचं, मी आता मुंबईची झाले होते ना! गाडी अजून सुरूही झाली नव्हती.

पहिली वर्षं पेणकरपाड्यात भाड्याने काढली. मग ह्यांनी भाईंदरला, इंद्रलोकात घर बघितलं. तळमजल्यावर चार मजले, लिफ्ट नाही. कुठला मजला हवा, असं विचारल्यावर हे तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "सगळ्यात वरचा." गावात माडी एकट्या खोतांची. मला माडीवाली व्हायचं होतं. घरी पत्र धाडलं, आमच्या खाली आणखी तीन माड्या आहेत! गावच्या मंडळींनो, ते पत्र तुम्ही देवळात वाचून दाखवलंत म्हणे. आता पोटभर हसून घ्या.

कारण ती माडीवाली हल्ली खिडकीतून दोरीला पिशवी बांधून भाजी वर ओढते आणि भाजीवाल्याशी चौथ्या मजल्यावरून हिंदीत भांडते. गुडघे गेलेत. तुम्हाला पडवीतून अंगणात यायला एक पायरी. मला खाली उतरायचं म्हटलं की सकाळ जाते, आणि वर यायचं म्हटलं की उरलेला दिवस. गणपतीनंतर रस्त्याला पाय लागलेला नाही.

म्हणून माझा मुलगा संदीप तळमजल्यावरच्या जयाबेनचं घर घ्यायचं म्हणतोय. त्या वापीला लेकाकडे चालल्यात. आमचं वरचं विकायचं, त्यांचं खालचं घ्यायचं. नातीचा खांदा धरून मीही बघायला उतरले आणि खुर्चीत टेकले.

"आजी, मुलगी बघायला आल्यासारखी बसू नकोस," नात म्हणाली. "बाथरूम बघ."

बघण्यासारखं काय होतं त्यात! भिंतींचे पोपडे, गंजलेले पाइप, उखडलेली लादी, जुनी वायरिंग. जयाबेननी बावन्न लाख सांगितले. संदीप माझ्या कानाशी आला. "आई, पावसात पाणी कुठपर्यंत येतं ते तू सांग. मग पंचेचाळीसच्या वर जायला नको."

मला नाही तर कोणाला ठाऊक? पाणी शिरलं की जयाबेनचे पिठाचे डबे, गाद्या, देव आमच्याकडे वर यायचे, पाठोपाठ त्या स्वतः. माझ्याच पलंगावर पाय पसरून चहात साखर कमी म्हणायच्या. भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांनी आता रंगवून टाकलीय. इतकी वर्षं आमचं विरजण एकमेकींच्या वाटीत फिरलेलं, तोंड कसं उघडायचं?

जयाबेनच हसल्या. "बोल दो ना बेन, शरमाती क्यों हो?" आणि ओट्याच्या खाली वीतभर, अगदी बरोबर तिथे हात ठेवला. "इधर तक. लेकिन मैं तो ऊपर तुम्हारे पास आती थी. तुम किधर जाओगी?"

संदीपने हिशेबात लादी धरली होती, पाइप धरले होते. हे कुठेच धरलं नव्हतं.

आम्ही पंचेचाळीस म्हणालो, सेहेचाळीसवर जमलं. संदीप खूश. मी म्हटलं, "इथे वाचले त्यातले थोडे वरच्या घराच्या किमतीतून कमी कर. घेणाऱ्याला सांग, पावसात खालच्यांना दार उघडायचं."

"आई, असा करार असतो का कुठे?"

"माझा आणि जयाबेनचा होता की."

तो डोक्याला हात लावून बसला. अजून वरच्या घराला गिऱ्हाईक नाही. बघायला येतात त्यांना मी चहा देते आणि आमच्या गाद्या कुठे ठेवाल ते विचारते. एक जोडपं चहा न संपवताच गेलं.

माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, तुम्हीही असेच कुठेकुठे चढून बसला असाल. आईचं म्हणणं मी उशिरा ऐकलं. उतरायची वाट तर सापडली. आता वर एक दार आपल्यासाठी उघडणारं राहिलं, की खालच्याला घर म्हणेन. तोवर हे जिने आहेतच. दुसऱ्या मजल्यावर दम खायला नातीने स्टूल ठेवलंय.